ठकूमायचा दोर

धोंडगव्हाणच्या ओढ्यावर पूल नव्हता, त्या काळची ही गोष्ट. आज तिथे शंभरी गाठलेली माणसंसुद्धा ती आपल्या आजीकडून ऐकलेली म्हणूनच सांगतात.

गावाबाहेर मातंगांची वस्ती होती. तिथे ठकूमाय राहायची. घायपात भिजवून, ठेचून ती वाख काढायची आणि त्या धाग्यांचा दोर वळायची. विहिरीचा दोर तिचा, बैलांचे कासरे तिचे, खाटांची वीणही तिचीच. शिवाय ती सुईण होती. गावातल्या निम्म्या माणसांना जगात पहिला हात लागला तो ठकूमायचा. मूल न्हाऊन स्वच्छ झालं, की त्याच घराला तिची सावली चालायची नाही. गाव असंच होतं. त्यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही.

दोराबाबत मात्र गावाने एक सोयीचा नियम केला होता. दोराला विटाळ नाही. विहिरीवर तिचाच दोर लागायचा, मग विटाळ मानून चाललं असतं कसं? दोर वळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. म्हणून ठकूमायने टोक पुढे केलं, की जो जवळ असेल तो ते धरायचा. ही गावाची सवयच होती. हाताला हात लागत नव्हता, दोर मात्र दोघांच्या हातात असायचा. ठकूमाय म्हणायची, "पलीकडचा हात थकला, की मला इकडं कळतं."

पुढे गावात दवाखाना झाला. आत सहा खाटा होत्या. त्यांची वीण ठकूमायची, पण वस्तीतल्या बाईला त्यांवर जागा नव्हती. तिच्यासाठी व्हरांड्याची फरशी. त्या फरशीवर दोन बाळंतिणी गेल्या. एक यमुना, दुसरी सगुणा. दवाखान्याच्या वहीत त्यांची नावं नाहीत.

मग एका दुपारी वस्तीतल्या हरणीची वेळ आली. वय असेल अठरा. ठकूमायने पोटावर हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, की मूल आडवं आहे आणि हे आपल्या एकटीच्या हातचं नाही. चौघांनी हरणीला घोंगडीच्या झोळीत घालून दवाखान्यात आणलं.

दारात कंपाउंडर उभा होता. "कुठली बाई?"

"अडलेली हाय. मूल आडवं हाय. डाक्टरला बोलीव," ठकूमाय म्हणाली.

"वस्ती कुठली, ते विचारतोय."

"खालची."

"मग तिकडं, व्हरांड्यात. आत खाट रिकामी नाही."

खिडकीतून चार रिकाम्या खाटा दिसत होत्या.

डॉक्टर बाहेर आले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी पायरीवरूनच पाहिलं, हात लावला नाही. "अजून वेळ आहे. ही तर ओरडतही नाही. तुमच्या बायकांना कुठं एवढं दुखतं, ठकू? बांधावर बाळंत होतात आणि पाटी उचलून चालू लागतात."

"वरडत न्हाई, कारण वरडली की तुमी म्हनता कांगावा करती. मागं सगुणा वरडली व्हती, रावसाहेब. तिला तुमी गप बस म्हनला. ती गपच झाली."

रावसाहेब आत जाऊन टेबलाशी बसले. हरणीचे ओठ पांढरे पडत चालले होते.

ठकूमायने कमरेचा दोर सोडला. एक टोक हरणीच्या मुठीत दिलं. दुसरं खिडकीच्या गजांतून आत सरकवलं आणि रोज म्हणायची तसंच म्हणाली, "रावसाहेब, येवढं धरा जरा."

रावसाहेबांनी कागदावरून नजरही न उचलता टोक धरलं. सवयच तशी होती.

हरणीला कळ आली आणि तिने दोर ओढला. असं म्हणतात, ती कळ दोरातून चालत गेली. जो विटाळ दोरातून कधी गेला नव्हता, तो तेव्हाही गेला नाही. वेदना मात्र गेली. रावसाहेबांनी टोक सोडायला पाहिलं, तर मूठ उघडेना. दुसऱ्या कळेला चष्मा खाली पडला. तिसऱ्या कळेला ते असे ओरडले, की ओढ्यापलीकडच्या गुरांनी माना वर केल्या.

ठकूमाय खिडकीतून म्हणाली, "वरडू नका, रावसाहेब. अजून वेळ हाय."

असं म्हणतात, चौथ्या कळेच्या आत ते दोरासकट धावत बाहेर आले. हरणीला त्यांनी स्वतः उचललं, खाटेवर ठेवलं. एक हात त्यांचा, एक ठकूमायचा, असं दोघांनी मिळून मूल फिरवलं. मुलगी झाली. ती रडली, तेव्हा रावसाहेबांची मूठ सुटली. तळहातावर उठलेला दोराचा वळ मरेपर्यंत गेला नाही.

हरणी जगली. यमुना आणि सगुणा काही परत आल्या नाहीत. डॉक्टरला चार पावलं चालायला चमत्कार का लागला, याचं उत्तर गाव अजून देत नाही. ते कुणीतरी मागत राहिलं पाहिजे.

ठकूमाय म्हातारी झाली आणि एक दिवस दोर वळत वळत माळाकडे चालत गेली. एक टोक वस्तीत राहिलं. दुसरं कुणालाच सापडलं नाही, असं म्हणतात.

आजही धोंडगव्हाणच्या दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या बाईला गाव, वस्ती, आडनाव कुणी विचारत नाही. मूल रडल्यावर नाव लिहितात. आणि नवा डॉक्टर आला, नवी नर्स आली, की खुर्चीवर बसण्याआधी वस्तीतली एखादी लेकुरवाळी बाई पायरीवर येते आणि दोराचं टोक पुढे करते.

मागच्या वर्षी एक तरुण डॉक्टर आला. तो हसून म्हणाला, "मावशी, माझा चमत्कारावर विश्वास नाही."

"नगं ठिवूस, बाबा," टोक तसंच पुढे धरून मावशी म्हणाली. "बाई दुखतंय म्हनली, तर तिच्यावर ठिव."

त्याचं हसू थांबलं. त्याने दोर धरला.