घाटावरची परण

एकदा एका नदीकाठच्या नगरावर परचक्र आले आणि तटावर परक्यांचे निशाण चढले. हे नगर पखवाजासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. सांजेला चौकात पखवाज घुमू लागला, की दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावून माणसे तिथे जमत. नव्या ठाणेदाराने हे दोन दिवस पाहिले आणि तो आपल्या कारभाऱ्याला म्हणाला, "आज ही माणसं एका ठेक्यावर माना डोलावतात. उद्या एका हाकेवर उठतील." तिसऱ्या दिवशी दवंडी फिरली. सारी वाद्ये चौकात आणून टाकावीत. ज्याच्या घरी वाद्य सापडेल, त्याचे घर माणसांसकट जाळले जाईल.

त्या नगरात एक वृद्ध पखवाजवादक राहत असत. नरहर नावाचा शिष्य नऊ वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता. गुरुजींच्या घराण्यात सात पिढ्यांचा एक पखवाज होता आणि त्याच्यासोबत एक परण, म्हणजे बोलांची एक दीर्घ, अवघड रचना. ती प्रत्येक पिढीत एकाच शिष्याला दिली जाई. नरहर त्या परणीची वाट पाहत होता.

दवंडी ऐकताच त्याने तो पखवाज घोंगडीत गुंडाळला आणि शेजारच्या गोजरा परटिणीच्या रिकाम्या पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात लपवला. गोजरा बिचारी "ठेवा की" म्हणाली.

गुरुजींना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाहेर काढ." मग त्यांनी स्वतःच तो खांद्यावर घेतला, भर दुपारी चौकात नेला आणि ढिगावर ठेवला. शिपाई हसले. ढीग पेटला. आगीत पखवाजाचे कातडे फुटले, तो आवाज नरहरच्या काळजात शिरला.

"भ्यालात तुम्ही, गुरुजी," तो सर्वांसमक्ष म्हणाला. "मी मेलो असतो, पण तो दिला नसता."

गुरुजी घराकडे वळले. नरहरने त्यांची पायरी चढणे सोडले.

त्यानंतर लोक नवलाने सांगू लागले, की म्हाताऱ्याचे डोके फिरले. कधी तो लोहाराच्या भात्यापाशी बसतो, कधी पोहे कांडणाऱ्या बायकांपाशी, आणि रोज सकाळी घाटावर परटिणींमध्ये जाऊन तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहतो. ऐकून नरहरला वाईट वाटे. पण राग जात नव्हता.

अशा रीतीने चार महिने गेले. एके सकाळी तो नदीवर स्नानाला गेला. सहा-सात परटिणी दगडांवर कपडे आपटत होत्या. नरहरचा पाय पाण्यातच थबकला. त्याची बोटे नकळत मात्रा मोजू लागली. बारा! पखवाजावरच्या चौतालाचा ठेका होता तो. आणि मग त्या ठेक्यावर गोजराने आपले धुणे असे काही उचलले, थांबवले, आपटले, की नरहरच्या अंगावर काटा आला. हे बोल त्याने एकदाच, बंद दाराआडून ऐकले होते. ती परण होती.

पहाऱ्यावरचा शिपाई पायऱ्या उतरून आला. "काय चाललंय हे?"

"धुणं चाललंय, सरकार," गोजरा म्हणाली. "तुमच्याच छावणीच्या चादरी हायत. मळ लई चिवट."

शिपाई जरा वेळ उभा राहिला. आजूबाजूला एकही वाद्य नव्हते. तो परत वर गेला. त्याची पाठ वळताच पलीकडच्या लोहारवाड्यातून घणाने पुढचा बोल उचलला.

नरहर ओल्या पंच्यानेच गुरुजींच्या दारात पोचला. "जी मला नऊ वर्षं दिली नाहीत, ती परण तुम्ही घाटावर वाटलीत?"

"हो," गुरुजी म्हणाले. "बस. पखवाज सापडला असता, तर गोजराच्या झोपडीत तिची लेकरंही जळाली असती. मरायला तू तयार होतास, हे खरं. पण मरणार ती मायलेकरं होती. आणि समज, नसता सापडला, तरी तो पेवात मुका पडला असता आणि आपण त्याचे नुसते पहारेकरी झालो असतो. त्या दिवशी चौकातून परतताना मला दुसरी एक लाज वाटली. ठाणेदारानं वाद्यं हिरावली ती आज. मी तर ही परण आयुष्यभर या गावापासून लपवून ठेवली होती. एका गळ्यात ठेवलेली विद्या एका तलवारीत संपते, नरहर. आता त्यांना ती संपवायची असेल, तर सगळ्या गावाचे हात तोडावे लागतील. मग त्यांच्या चादरी धुणार कोण?"

 नरहरने खाली वाकून गुरुजींचे पाय धरले. "मलाही शिकवा."

"माझा हात आता थरथरतो," गुरुजी हसून म्हणाले. "गोजराबाईंकडे जा."

नऊ वर्षे शिकलेला शागीर्द घाटाच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबला. शेवटी गोजरापुढे जाऊन त्याने हात जोडले. तिने त्याच्याकडे पाहिले, बाजूचा दगड पाण्याने स्वच्छ केला आणि एक जड चादर त्याच्या हाती दिली.

"मोजत बसू नका, दादा," ती म्हणाली. "आधी श्वास सोडा."

त्याने श्वास सोडला आणि चादर उचलली.