अळवाखाली निघालेला सेल

रेडिओ सेलवर चालायचे आणि वस्तूही आपसांत बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. सुभद्राकाकूंच्या रेडिओतला एक सेल उतरला. काकूंनी तो दोनदा खिडकीत उन्हात तापवून पुन्हा चालवला. तिसऱ्यांदा काही जमेना.

खिडकीतच जुन्या सेलांचा डबा आडवा ठेवलेला होता. भरला की तो कारखान्यात जाई आणि तिथं सेलांमधलं जस्त वेगळं काढत. सेलाला त्या डब्यातली दाटी नको होती. खिडकीखाली मोरीच्या पाण्यावर अळू फोफावलं होतं. त्या गार मातीत निवांत पडावं म्हणून तो कडेला सरकला.

तेवढ्यात मातीतून एक गांडूळ वर आलं. "आजोबा, इकडं नका येऊ."

"का? जन्मभर राबलोय मी. मातीत सगळ्यांना जागा असते."

"राबलात, कबूल. पण तुमचं पोट फुटलं की आतलं सगळं इथं झिरपणार. आधी माझी पोरं, मग हे अळू. आणि अळू कोण खातं?"

घरात काकू अळवाची पानं चिरत होत्या. रेडिओ बंद, म्हणून स्वतःच गुणगुणत होत्या.

सेल मागे घरंगळला आणि डब्यात शिरला.

"तू तर मातीत जाणार होतास ना?" आतल्या एकानं विचारलं.

"तिथं लेकुरवाळं बिऱ्हाड आहे," म्हातारा म्हणाला. "जरा सरका रे."