येसूची झाकलेली खिरापत

माझी धाकटी शाळेचं नाव काढलं की रडायची. तेव्हा मी देवीला बोलले होते, "आई, ही हसत शाळेत जाऊ दे, दर नवरात्रात भोंडल्याच्या मुलींना खिरापत वाटीन आणि एक गोष्टही सांगेन." देवीनं ऐकलं. तर ऐका यंदाची गोष्ट!

कवठापूरच्या शार्दूलराजानं मुलींच्या शाळेत कॅमेरे बसवले. वर्गात कॅमेरा, जिन्यात कॅमेरा, पाण्याच्या टाकीपाशीही कॅमेरा! राजा सिंहासनावर बसून सगळं पडद्यावर बघायचा आणि भोंग्यातून ओरडायचा.

"तिसऱ्या बाकावरची, जांभई बंद!"

"खिडकीजवळची, चिमणीकडे काय बघतेस?"

मुली बिचाऱ्या शिंक आली तरी नाक दाबून बसायच्या.

एक दिवस राजा ताडकन उठला. पडद्यावर वर्गावरच्या कुमुदबाईंनी मधल्या सुट्टीत एका मुलीचा डबा उचलला आणि सरळ चालू लागल्या!

"चोरी! लेकराच्या तोंडचा घास काढला! बोलवा त्या बाईला!"

खरं काय झालं होतं? त्या मुलीचा डबा रोज रिकामा असायचा. कुणाला कळू नये म्हणून ती झाकण अर्धवट उघडून उगाच तोंड हलवायची. बाईंनी ते ओळखलं. "तुझ्या आईच्या हातची भाजी मला आवडते गं," म्हणून त्यांनी तिचा डबा उचलला आणि आपला भरलेला तिच्यापुढे ठेवला. पण ठेवलेला डबा बाईंच्या पाठीआड गेला. कॅमेऱ्याला दिसला तो फक्त उचललेला!

दरबारात राजानं विचारलं, "बाई, काही सांगायचंय?"

बाई गप्प. सांगितलं तर त्या पोरीची झाकली मूठ गावभर उघडी होणार!

"गप्प आहात म्हणजे चोरी कबूल! उद्या सूर्य मावळायच्या आत गाव सोडा!"

तेवढ्यात बाईंच्या मागोमाग आलेल्या मुलींच्या घोळक्यातून कासाराची येसू पुढे आली. त्या मुलीच्या शेजारीच बसायची ती.

"महाराज, तुमचा कॅमेरा चुकला तर?"

"माझा कॅमेरा? ए पोरी, मुंगीनं मिशी पुसली तरी त्याला दिसतं! माझ्या डोळ्यांदेखत चुकवून दाखव. बाई राहतील. नाही जमलं, तर बाईंच्या मागोमाग तूही शाळेबाहेर!"

"चालेल! उद्या आमचा भोंडला आहे. खिरापत मी करणार, शाळेच्या स्वयंपाकघरात, कॅमेऱ्यासमोर. गाणी झाली की झाकलेली खिरापत तुम्ही ओळखायची."

राजा खो खो हसला. "बघून ओळखायची? हे तर तान्हं पोरही करील!"

दुसऱ्या दिवशी राजा पडद्याला नाक लावून बसला. येसूनं पातेल्यात पोहे घेतले. चरवीतून पांढरं ओतलं. बरणीतून चमच्यानं पांढरं घातलं. ढवळलं, झाकण ठेवलं. झालं!

पाटावर हत्ती काढला होता. मुलींनी फेर धरला, गाणी झाली. राणीसाहेबांसह राजा येऊन ऐटीत बसला.

"ओळखा, महाराज!"

"दूधपोहे! साखर घातलेले! मी स्वतः पाहिलंय!"

"मग घ्या की!"

राजानं मोठा घास घेतला आणि त्याचे दोन्ही डोळे मिटले. कान लाल झाले.

"आंबट! खारट! अगं, हे काय?"

"ताकपोहे, महाराज. ताक आणि मीठ!"

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. "अहो, कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असतंत तर!"

"पण मी पाहिलं ना!" राजा म्हणाला.

"पाहिलंत खरं. हात दिसला, चव कुठे दिसली? बाईंचाही हातच दिसला तुम्हाला!"

राजा हळूच पुढे वाकला. "बरं, हरलो. बाई राहतील. पण मला एकट्याला सांग, त्या डब्यात होतं तरी काय?"

येसूनं कानाला हात लावला. "महाराज, भोंडल्यात ज्या मुलीची खिरापत, तिनंच झाकण उघडायचं. तो डबा माझा नाही. मी कशी उघडू? आणि तुम्ही तरी कसे उघडाल?"

राजा असा हसला, असा हसला, की पाटावरच्या हत्तीवर ताक सांडलं!

"काढा रे ते शाळेतले सगळे कॅमेरे! एक फाटकावर राहू दे, चोरचिलटासाठी. आणि येसू, तुला काय हवं? माग!"

"मधल्या सुट्टीत राजवाड्यातून जेवण यावं, महाराज. सगळ्या मुलींना, एकाच पंगतीत. म्हणजे कुणाचा डबा कुणाला बघायलाच नको!"

"दिलं! आणि पहिल्या दिवशी वाढायला मी येणार. पोहे सोडून काहीही करा!"

कुमुदबाईंनी येसूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या दिवशी मुलींनी फेर पुन्हा धरला.

बायांनो, तुम्हीही देवीला असंच काही बोला. इच्छा पुरी झाली की मुलींना खिरापत न्या, आणि नेताना डबा घट्ट झाकून न्या हं!