गुरुवारची पायरी

“…मग माझ्या मुलीला मी शिकवायचं की सरकारनं, हे ठरवणार कोण, बाबाजी?”

प्रल्हाद ठोसर वकील होता. पूर्णेकाठच्या या मठात तो सहाव्या वर्षी आला आणि सोळाव्या वर्षी गेला. आज तीस वर्षांनी परत आला होता आणि कोर्टात उभं राहावं तसा उभा होता.

त्याला शिकवणारे निरंजनबाबा आता ऐंशीच्या पुढचे. समोर सूप घेऊन गवारीच्या शेंगा निवडत बसले होते.

“वय काय तिचं?”

“नऊ. सावनी नाव. एक दिवस शाळेत घातली नाही. गणित, इंग्रजी, संस्कृत, सगळं मीच शिकवतो. आता नोटीस आलीय. मुलगी शाळाबाह्य आहे म्हणतात.”

“मग?”

“उच्च न्यायालयात याचिका टाकतोय. मुलांना घरी शिकवणं हा आईबापाचा हक्क आहे. राज्यघटनेनं त्याला संरक्षण दिलं पाहिजे. त्यासाठी तुमचं प्रतिज्ञापत्र हवंय. शाळेविना मूल घडतं, याचा पुरावा मी. साक्षीदार तुम्ही.”

प्रल्हादनं पुढे केलेला कागद बाबांनी हातात घेतला नाही.

“तिला घरी शिकवायचंय, की घरी ठेवायचंय?”

प्रल्हादनं कागद मागे घेतला. बोलला तेव्हा आवाज वकिलाचा नव्हता.

“मला कोणी घरी ठेवलं नाही, बाबाजी. आई गेली आणि वडिलांनी इथं आणून सोडलं. पुन्हा फिरकले नाहीत. मी बारा वर्षांचा असताना ते गेल्याचा निरोप आला, तोवर रोज फाटकाकडे बघायचो…”

बाबांनी सूप बाजूला सारलं. भिंतीला धरून उठले.

“याचिका वाच. मोठ्यानं.”

ते मागच्या दारानं बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

प्रल्हाद बुचकळ्यात पडला. तरी वाचू लागला. पहिलं पान झालं. दुसरं झालं. बाहेरून हूं की चूं नाही. तिसऱ्या पानावर त्यानं उठून दार उघडलं.

बाबा बाहेरच्या पायरीवर बसले होते. भर उन्हात, कान दाराकडे करून.

“इथं का बसलात?”

“तुझा बाप इथंच बसायचा. दर गुरुवारी. कापसाच्या जिनिंग कारखान्यातली पाळी सुटली की सात कोस सायकल मारत यायचा. तू आत पाठ म्हणायचास. तो ऐकायचा आणि जायचा.”

प्रल्हादनं पायरीकडे पाहिलं.

“सहा वर्षं.”

प्रल्हाद खाली बसला. पायरीच्या दगडावरून त्याचा हात फिरत राहिला.

“काही बोलायचे?”

“शेवटच्या खेपेला म्हणाला, ‘पोराचा आवाज फुटला जी आता.’”

“अजून?”

बाबा नदीकडे बघत राहिले.

“एकदा विचारलं होतं त्यानं. ‘कापूस बोटानं कसा पारखायचा, तेवढं एक मी शिकवू का जी त्याला? मला तेवढंच येते.’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“नाही म्हणालो.”

मठात कुठेतरी बादली विहिरीत पडल्याचा आवाज झाला.

बाबांनी हात पुढे केला. प्रल्हादनं प्रतिज्ञापत्र दिलं, पेन दिलं. बाबांनी कागद मांडीवर धरून सही केली आणि परत केला.

प्रल्हादनं तो घेतला, पण त्याकडे पाहिलं नाही.

“का नाही म्हणालात, बाबाजी?”

“शिकवण्याचा हक्क माझा आहे, असं वाटायचं मला.”