अध्यक्षांची नाणेफेक

संध्याकाळच्या फिरकीपुढे संघ कोसळला, अंतिम सामना गेला, आणि क्लबचे अध्यक्ष दादासाहेब इंगवले कप्तान फिरोजवर उखडले.

"चेंडू वळत होता म्हणे. अरे, खेळपट्टी सकाळी तीच, संध्याकाळीही तीच. नाचता येईना, अंगण वाकडं. उद्याच्या सामन्यानंतर कप्तानी सोड."

दुसऱ्या दिवशी शिरस्त्याप्रमाणे त्याच खेळपट्टीवर खेळाडू विरुद्ध पदाधिकारी सामना होता. नाणेफेकीला फिरोज अदबीनं म्हणाला, "दादासाहेब, नाणं कशाला उडवायचं? खेळपट्टी दिवसभर तीच. तुम्ही मागून फलंदाजी करा."

दादासाहेबांनी भेगाळलेल्या मातीवर बूट घासला. धुरळा उडाला.

"छे, छे. पहिली फलंदाजी आमची."

"खुशाल घ्या," फिरोज म्हणाला. "काल आम्हीही तीच घेणार होतो. नाणेफेक हरलो, इतकंच."