वाकत गेलेले हत्ती

फार पूर्वी एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी देऊळ बांधलं जात होतं. तिथे एक पाथरवटीण कामाला होती. देवळाच्या तळाशी, जमिनीलगत, सगळा भार पाठीवर घेतलेल्या हत्तींची रांग ती कोरत होती. तान्ही लेक चिंचेच्या फांदीला बांधलेल्या झोळीत आणि आई दगडावर ओणवी, असा तिचा दिवस जाई.

हळूहळू तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक कळ येऊन बसली. आधी संध्याकाळी यायची, मग मुक्कामालाच राहिली. लेकीला उचलताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकत.

थोरला कारागीर येता-जाता विचारी, “पोरी, पाठ दुखते का गं?”

“छे हो बाबा! मस्त आहे.”

तिला वाटे, आपण उठलो तर काम अडेल. आणि आपल्यावाचून नाहीच अडलं तर? ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

कळस चढायच्या आदल्या दिवशी देवळाभोवतीची बांबूची परांची उतरली. सगळे माना वर करून उभे राहिले. पाणी भरणारी मावशी ओरडली, “अगं ए, वर बघ तरी!”

“एवढी सोंड झाली की बघते.”

“तुझी सोंड व्हायची नाही आणि तू बघायची नाहीस!”

शेवटचा हत्ती उरला होता. तिने हातोडी उगारली आणि पाठीत अशी चमक निघाली की छिन्नी हातातून गळून पडली. बसता येईना, उठता येईना. ती कशीबशी तिथेच फरशीवर उताणी झाली.

आणि तिला देऊळ दिसलं.

थरावर थर, वेलीवर वेल, त्यावर पक्षी, त्यावर नाचणाऱ्या अप्सरा, असं चढत चढत शिखर थेट आभाळात शिरलं होतं. ढग सरकत होते, पण तिला वाटलं देऊळच चाललंय. एवढं मोठं काही आपल्या डोक्यावर उभं राहत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता?

मग तिने मान कलती केली आणि तिला हत्तींची अख्खी रांग दिसली. पहिला हत्ती ताठ होता. पुढचे जरा वाकलेले. त्यांच्या पुढचे आणखी. शेवटाकडच्यांचे तर गुडघे टेकायला आले होते. जशी तिची पाठ वाकत गेली, तसे तिचे हत्तीही.

थोरला कारागीर धावत आला. “काय झालं गं?”

डुलकी लागली म्हणावं, असं ओठांवर आलं. पण वर ते शिखर होतं. त्याच्यासमोर खोटं निघेना.

“बाबा, पाठ गेली माझी. कधीची दुखतेय. आणि हत्ती बिघडवलेत मी. इथून बघा.”

म्हातारा कण्हत तिच्या शेजारी आडवा झाला. हत्तींकडे बघितलं, मग वर.

“अगं बाई,” तो हळूच म्हणाला, “हे आपण केलं?”

मावशी आली, तीही आडवी झाली. मग सुतार, मग चुना कालवणाऱ्या बाया. सगळी माणसं ओळीने उताणी, नजरा शिखरावर.

“वाकलेले फोडून टाकू?” तिने विचारलं.

“राहू दे,” थोरला कारागीर म्हणाला. “खरे आहेत ते. शेवटचा मात्र पाठ बरी झाल्यावर कर. कळस थांबेल. तुझ्या हत्तींवरच तर उभा राहायचाय तो.”

कळस थांबला. ती विसावली, मग कामाला लागली. आता थोडं कोरायची, उठायची, खांदे मागे घ्यायची, लेकीला वरचे पक्षी दाखवायची. शेवटचा हत्ती झाला तो सोंड उंच करून शिखराकडे बघणारा.

लोक अजून ती रांग बघत चालतात. वाकलेल्या हत्तींपाशी नकळत तेही वाकतात. शेवटच्यापाशी आले की कुणी न सांगता त्यांची पाठ सरळ होते आणि नजर वर जाते.

तात्पर्य: दुखरी पाठ लपवली तरी ती कामात उमटतेच; वेळीच सांगावं, टेकावं, आणि आपण काय उभारतोय ते मान वर करून बघावं.