शंभर नावं आणि लंकाबाई

"तिला असं काय शिकवलंत, जे मला नाही शिकवलं?"

सुदर्शन घुगे ओट्याची पायरी चढता चढताच बोलला. नमस्कार नाही की चमत्कार नाही. चपलासुद्धा पायातच.

कासार मास्तर चष्मा पुसत होते. पुसत राहिले.

हे मास्तर म्हणजे टेक्निकल शाळेतले जुने वायरमनचे मास्तर. रिटायर झाल्यावर म्हातारपणी मोबाइलची ॲपं बनवायला शिकले. आता स्वतःच्या ओट्यावर दोन जुने कॉम्प्युटर मांडून पोरापोरींना फुकट शिकवतात. दुपारी शिकवणी नसते. तेव्हा मी तिथं सुपारी कातरत बसतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

मी चौथी नापास. ॲपातलं मला ढेकूळ कळत नाही. पण जळका माणूस ओळखायला शाळा लागत नाही. हा पोरगा शेंडीपासून टाचेपर्यंत जळत होता.

"कुणाला?" मास्तर म्हणाले.

"माहीत असून विचारता. दीक्षाला."

दीक्षा बनसोडे. याच ओट्यावरची, याच्या मागून आलेली. आमच्या गावात नळाला पाणी येतं नऊ-दहा दिवसांनी, आणि नेमकं कधी येईल ते ब्रह्मदेवाला विचारा. बायका कामधंदा सोडून तोटीकडं बघत बसायच्या. या पोरीनं ॲप केलं. त्यात दोनच बटणं. 'आलं' आणि 'गेलं'. ज्याच्या तोटीला पाणी येईल त्यानं 'आलं' दाबायचं, की गल्लीला कळतं. संपलं. रंग नाही, चित्र नाही. घराघरात जाऊन बसलं ते.

सुदर्शनचं ॲप 'नगरमित्र'. त्यात सतरा खाती. राशिभविष्य, बाजारभाव, विनोद, वधूवर आणि आणखी काय काय. मागं हलता धबधबा. अकरा महिने खपला. ते घेतलं अकरा जणांनी. त्यातले तिघं त्याच्या घरचे.

"तुमचा पहिला शिष्य मी," सुदर्शन म्हणाला. "तिला कॉम्प्युटर चालू करायला कुणी शिकवलं? मी! आणि आता..."

"आता काय?"

"नगरपालिका पाण्याच्या टाक्यांवर तिच्या ॲपचं नाव रंगवणार आहे. सोमवारी ठरतंय. एकूण एक टाकीवर. गावात कुठंही गेलो आणि मान वर केली, की तीच."

"मग खाली मान घालून जात जा."

मला हसू आलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी अडकित्ता खाली ठेवला.

"थट्टा करू नका, सर. दोन बटणं! शाळेतलं पोर करील असलं. माझ्या एकट्या वधूवरात चाळीस बटणं आहेत."

"आमच्या हिला दिलं होतं तुझं नगरमित्र."

ही मास्तरांची रीत. शिष्यानं काहीही केलं, की स्वतः बघायच्या आधी ते मास्तरीणबाईंच्या मोबाइलमध्ये टाकतात. काही सांगत नाहीत. बाजूला होऊन नुसते बघतात.

"काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाली, फार देखणं आहे हो. आता हे बंद कसं करायचं?"

...

सुदर्शन खाली बसला. सतरंजीची एक दशी उपटली त्यानं. मग दुसरी.

"आणि दीक्षाचं?" त्यानं विचारलं.

"काही म्हणाली नाही. उठली आणि मोटर लावायला गेली."

झालं. आगीत तेल. पोराचे कान लाल झाले.

"सर, मी विचारायला आलोच नाही. सांगायला आलोय. उद्या म्हणाल, मागं वार केला." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "मी शंभर नावं तयार केलीत. खोटी. शंभर माणसं, गावात कुणी नाही त्या नावाचं. एक बटण दाबलं, की शंभरांचा एकेक स्टार तिच्या ॲपला. एकच स्टार. आणि खाली शेरा, की हे ॲप खोटं सांगतं. सोमवारी साहेब लोक ॲप उघडतील, तर आधी स्टारच बघतील. बघतातच."

"दाबलं?"

"अजून नाही."

"का रे? अंगठा दुखतोय?"

"तुम्ही एकदा म्हणा, सर. माझं काम तिच्यापेक्षा सरस. एकदाच. गावात सांगू नका. या आबांसमोर म्हणा नुसतं. मग नाही दाबत."

"आणि नाही म्हणालो तर?"

"दाबतो."

आबा म्हणजे मी. माझ्यासमोर म्हणून काय उपयोग, मला तरी कळलं नाही. पण पोराचा आवाज फाटला होता. पंचवीस वर्षांचा बाप्या.

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.



मी अडकित्ता पुन्हा उचलला. मला कोण विचारतंय.

तेवढ्यात त्याचा मोबाइल टुणकन वाजला. सुदर्शनची मान हलली नाही, पण नजर गेली खाली. आणि होतं नव्हतं तेवढंही तोंड उतरलं.

"काय आलं?"

"काही नाही."

"आण इकडं."

त्यानं दिला. मास्तरांना नाही म्हणायची सोय नाही.

मीही वाकून बघितलं. त्या मोबाइलचं तोंड त्यानं स्वतः घडवलेलं. आपल्या मोबाइलवर असतात तसली चित्रं नाहीत. सगळी त्याच्या हातची, बारीक, रेखीव. आणि अगदी मधोमध एक ठिपका. लाल.

"हे काय?"

"असंच. मी माझ्यापुरतं केलंय."

"काय करतं?"

सुदर्शन दुसरीकडं बघून बोलला. "तिच्या ॲपबद्दल कुणी काही लिहिलं, की मला कळतं. चांगलं लिहिलं तर लाल. नावं ठेवली तर हिरवा."

मास्तरांनी ठिपका दाबला. पान उघडलं. अगदी लगेच. मास्तरांचं बोट वर गेलं, खाली गेलं. बराच वेळ.

"अडकत नाही," मास्तर म्हणाले.

"नाही."

"बंद पडलंय कधी?"

"चार महिन्यांत एकदाही नाही."

"करायला किती दिवस लागले?"

"दीड."

"मागं धबधबा नाही टाकलास?"

"धबधबा कशाला? मला पटकन बघायचं असतं."

"बटणं किती आहेत यात?"

...

"किती आहेत?"

"एक," सुदर्शन म्हणाला.

मास्तरांनी मान डोलावली नाही, हसले नाहीत. नुसतं वाचायला लागले. मोठ्यानं. मुलांच्या वह्या वाचतात तसं.

"लंकाबाई लोखंडे, कुंभारगल्ली. सुनेकडून लिहून घेतलंय. अक्षर दिसत नाही, सून कामाला गेली की मी आंधळी."

"हा हिरवा होता," सुदर्शन म्हणाला. "अक्षर हवंच कशाला? वाजलं पाहिजे. घागर भरताना वर वर चढत जातो तो आवाज. आंधळ्यालाही कळेल, पाणी आलं."

"मुरलीधर शिंपी. वरच्या अंगाला पाणी येतं, दाबणारा दाबतो, आणि आमच्याकडं यायला दोन तास. दोन तास मी भांडी मांडून वेडा."

"गल्लीचे दोन भाग करायचे. व्हॉल्व्हच्या अलीकडचा, पलीकडचा. तिला सुचलं नाही ते."

"शबाना बागवान. पोरं उगाच 'आलं' दाबून पळतात."

"तीन घरांनी दाबल्याशिवाय दाखवायचंच नाही. सोपं आहे."

मास्तर वाचत गेले. हा सांगत गेला. एकदाही मोबाइलकडं बघितलं नाही त्यानं. मी मोजत नाही असल्या गोष्टी, पण वीस-बावीस तरी झाली असतील. एकाला अडला नाही.

"हे कुठं लिहून ठेवलंयस?"

"लिहायला कशाला लागतंय? पाठ आहे."

"दीक्षाला माहीत आहे?"

"मी का सांगू तिला?" एकदम फणा काढला. "तिचं काय चुकतं ते शोधायला केलं मी हे. तिला शहाणी करायला नाही."

"बरं. या लंकाबाईच्या डोळ्यांना काय झालंय?"

"मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. मागं एकदा सुनेनं लिहिलं होतं त्यात."

"आणि तुझ्या नगरमित्रवर अकरा जण आहेत. त्यांतल्या कुणाला काय दुखतंय?"

सुदर्शननं बोटांवर मोजायला घेतलं.

घरचे तिघं झाले आणि बोट तिथंच राहिलं.

 

मग मास्तरांनी ते पान मिटून मोबाइल त्याच्या हातात दिला. नुसता दिला नाही. त्याचा अंगठा धरून काचेजवळ नेला.

"दाब."

"सर?"

"शंभर नावं म्हणालास ना? ते बटण काढ आणि दाब. सोमवारची वाट कशाला बघतोस? आत्ता दाब, आबा आहेत साक्षीला."

मी म्हणालो, "मला नका यात घेऊ."

"दाब, सुदर्शन. गावभर होईल, हे ॲप खोटं सांगतं. लोक काढून टाकतील. आठ दिवसांत कुणी त्यावर काही लिहिणार नाही. चांगलं नाही, वाईट नाही." मास्तर ठिपक्याकडं बघत होते. "मग हा लाल होणार नाही. हिरवाही होणार नाही. तू आजवर केलेल्यातलं हे एकच नीट चालतं. तेही मरेल. दाब."

सुदर्शननं ते बटण काढलं. अंगठा त्याच्या कडेला टेकला. मी शपथेवर सांगतो, मला वाटलं हा दाबणार. असल्या पोरांचा काही भरवसा नसतो.

...

त्यानं अंगठा उचलला. शर्टाला पुसला. कशाला पुसला कुणास ठाऊक, घाण तर काही लागली नव्हती.

"ती शंभर नावं पुसू?" त्यानं विचारलं. खाली बघून.

"मला काय विचारतोस? मी नाही बनवलेली."

त्यानं काहीतरी दाबलं. मग पुन्हा दाबलं. मोबाइल उलटा करून सतरंजीवर ठेवला. पण उठला नाही. ढिम्म. खाज गेली नव्हती अजून. मत्सर काही सर्दी नाही, की शिंकलं आणि मोकळं झालं.

"सर," तो म्हणाला. "एवढं झालं. आता तरी सांगा. खरं सांगा. माझं सरस, का तिचं?"

मास्तरांनी कोनाड्यातून स्वतःचा मोबाइल घेतला. जुना, काच तडकलेला. चष्मा वर सरकवला. दीक्षाचं ॲप उघडलं आणि लांब धरून बघितलं.

मग म्हणाले,

"कुंभारगल्लीत पाणी आलंय. लंकाबाई घरीच असेल, तिला कळलंच नसेल. जा."